शब्दाची जन्मतारीख आधी विचारावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत, मुलांच्या पानांवर आणि सामान्यज्ञानाच्या चौकटींत इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा नेहमी छापून येतात. वाचकांना त्या आवडतात, आणि शब्दांविषयीचे हे कुतूहल वाढायलाच हवे. पण यांतल्या पुष्कळ कथा खोट्या असतात. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरे, 'गोल्फ' म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन', 'टिप' म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', 'बॉम्बे' म्हणजे पोर्तुगीजांची 'चांगली खाडी', आणि 'फादर' संस्कृत 'पितर'पासून आला. एका चौकटीतून ही माहिती दुसऱ्या चौकटीत जाते, तिथून शाळेच्या फळ्यावर आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत. छापलेले खरे मानणारा वाचक अजून मोठ्या संख्येने आहे, म्हणून या मजकुराची तपासणी कशी करावी हे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण उदाहरणांशिवाय ही गोष्ट पटणारी नाही.

पहिली कसोटी तारखेची. शब्द पहिल्यांदा केव्हा आणि कोणत्या मजकुरात लिहिलेला सापडतो, हे कळल्याशिवाय त्याच्या उगमाबद्दल बोलता येत नाही. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांच्या नादी लागले होते. त्या कायद्यात 'गोल्फ' हा शब्द आहे. चार शब्दांची आद्याक्षरे जोडून नवा शब्द पाडायची रीत त्या काळी इंग्रजीत नव्हतीच. ती विसाव्या शतकात, मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात लष्करी कारभारातून रुळली. 'रडार', 'नाटो', 'लेझर' ही तिची अपत्ये. अशा शब्दांना 'ॲक्रोनिम' म्हणू लागले तेही 1940 च्या दशकात. म्हणून 1900 पूर्वीचा एखादा साधा, घरगुती इंग्रजी शब्द आद्याक्षरांपासून झाला असे कोणी सांगितले, तर ते खोटे धरूनच तपासायला बसावे.

'न्यूज' हे 'न्यू' या विशेषणाचे अनेकवचन आहे. नव्या गोष्टी, एवढाच अर्थ. फ्रेंचमधला 'नुव्हेल' अगदी याच घडणीचा. 16 व्या आणि 17 व्या शतकांतल्या इंग्रजीत 'धिस न्यूज' आणि 'दीज न्यूज' असे दोन्ही प्रयोग सापडतात. दिशांची आद्याक्षरे असती तर ते अनेकवचनी चालवायचे कारण काय होते? 'टिप' हा 17 व्या शतकाच्या आरंभी चोरांच्या बोलीत 'हळूच देणे, सरकवणे' या अर्थाने येतो. शिवाय त्या वाक्यात व्याकरणाने 'एन्शुअर' हवे, 'इन्शुअर' नव्हे. म्हणजे शब्द 'टेप' व्हायला हवा होता. अशी कथा अक्षर जुळवण्यासाठी चुकीचा शब्द वापरते तेव्हा तिथेच संशय घ्यावा.

'पॉश'ची गोष्ट मुंबईशी जोडलेली असल्याने आपल्याकडे फार आवडीने सांगतात. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींत जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत राही. ती महाग असे, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरे मारलेली असत, अशी ही कथा. बोटीच्या बाजूंचा हिशेब बरोबर आहे, म्हणूनच ती पटते. पण असे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, कंपनीच्या दप्तरातही अशी नोंद नाही. 'पॉश' हा शब्द ऐटदार या अर्थाने 1914 पासून छापील मिळतो, तर ही बोटीची कथा 1935 च्या सुमारास पहिल्यांदा छापून येते. शब्द आधी आणि त्याचे स्पष्टीकरण वीस वर्षांनी, हा क्रम बनावट कथेची खूण आहे. 'पॉश'चा खरा उगम अजून वादात आहे आणि तसेच छापायला हवे. 'उगम अनिश्चित' या दोन शब्दांनी चौकटीचे काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. 'ओके' हा आद्याक्षरांपासूनच आला. 1839 च्या मार्च महिन्यात बॉस्टनच्या एका दैनिकात 'ऑल करेक्ट'चे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापली गेली. त्या काळी तिथल्या वृत्तपत्रांत अशा गमतीदार संक्षेपांची लाट होती. पुढच्याच वर्षी अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या 'ओल्ड किंडरहुक' या टोपणनावामुळे त्याला बळ मिळाले. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात जुन्या वृत्तपत्रांचे अंक चाळून हे सिद्ध केले. ही कथा खरी ठरते ती तारखा जुळतात म्हणून, आणि त्याच काळी तसले इतर संक्षेप छापलेले दाखवता येतात म्हणून.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, कारण तिच्यात आपला अभिमान गुंतलेला असतो. 'फादर', 'मदर', 'ब्रदर', 'नेम' हे शब्द संस्कृतापासून आले असे सर्रास छापले जाते. इंग्रजी आणि संस्कृत ही एकाच आजीची नातवंडे आहेत. चुलत भाऊ एकमेकांसारखे दिसतात म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एका लुप्त झालेल्या भाषेत असावा असे म्हटले, आणि जर्मन वर्गातल्या (इंग्रजी, जर्मन, डच वगैरे) भाषाही बहुधा त्याच कुळातल्या असाव्यात असेही सुचवले. ते नाते सिद्ध झाले ते मात्र नियमांनी. याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेला नियम मराठी वाचकाला घरच्या घरी पडताळता येतो. संस्कृतात 'प' असेल तिथे जर्मन वर्गातल्या भाषांत 'फ' येतो, 'त'चा 'थ', 'द'चा 'ट', 'ग'चा 'क' आणि 'भ'चा 'ब'. पाद–फूट, त्रि–थ्री, द्वि–टू, दश–टेन, गो–काउ, भ्रातृ–ब्रदर. मराठीतही पाय–फूट, दोन–टू, दहा–टेन या जोड्या बसतात.

यातून एक उलटे वाटणारे सत्य बाहेर येते. जितके साम्य जास्त, तितका संशय जास्त. 'दंत' आणि 'डेंटल' हुबेहूब दिसतात, पण 'डेंटल' इंग्रजीने लॅटिनमधून उसना घेतलेला शब्द आहे. 'दंत'चा इंग्रजीतला घरचा भाऊ 'टूथ', जो ओळखूही येत नाही. नियमाने 'द'चा 'ट' आणि 'त'चा 'थ' झाला, आणि मधला अनुनासिक गळाला. 'फ', 'थ', 'स' यांच्या आधीचे अनुनासिक व्यंजन इंग्रजीने नियमाने टाकून दिले आहे. पंच, जर्मन 'फ्युन्फ', इंग्रजी 'फाइव्ह'. हंस, जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस'. शेजारच्या जर्मनने जपलेला 'न' इंग्रजीत हरवला, तरी त्या हरवण्यालाही नियम आहे. म्हणूनच हंस आणि 'गूस' एकच शब्द आहे असे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो.

उलट 'दिवस' आणि 'डे' यांची जोडी चौकटीत नेहमी दिसते आणि ती खोटी आहे. संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' हवा, 'ड' चालत नाही. 'दिवस' आणि 'देव' ज्या धातूवरून आले, त्याचे इंग्रजीतले खरे अपत्य मंगळवारात बसले आहे. 'ट्यूजडे'मधला 'ट्यू' म्हणजे जुन्या जर्मन लोकांचा 'टीव' हा देव, आणि तो आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा नातलग. असाच घोटाळा फारसीबाबत होतो. 'बदनाम', 'बदमाश' यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा आवाज जुळतो, अर्थही जुळतो, पण नाते काहीच नाही. फारसी शब्दाचे जुने रूप 'वद' असे होते. जसजसे मागे जावे तसतसे हे दोन शब्द एकमेकांपासून दूर जातात. खरे भाऊ मागे जाताना जवळ येतात.

'पितृ–फादर' या लाडक्या जोडीत तर फार सुंदर गुंता आहे, आणि तो सुटला तो भारतामुळे. ग्रिमच्या नियमाने 'भ्रातृ'तल्या 'त'चा 'थ' झाला, जुन्या इंग्रजीत 'ब्रोथोर'. मग 'पितृ'तल्या 'त'चे काय? जुन्या इंग्रजीत 'फॅडर' आहे, 'ड' घेऊन. दोन्ही शब्दांत तोच 'तृ', मग दोन निकाल कसे? कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1870 च्या दशकात दाखवले की या प्रश्नाचे उत्तर वेदपठणातल्या उच्च-नीच स्वरांत आहे. 'भ्राता'मध्ये उदात्त, म्हणजे उंच स्वर, पहिल्या अक्षरावर, 'पिता'मध्ये दुसऱ्यावर. उदात्त आधी आला तर 'थ', नंतर आला तर 'ड'. जर्मन वर्गातल्या भाषांनी तो जुना स्वर केव्हाच गमावला होता, पण आपल्या वेदपाठी परंपरेने तो जसाच्या तसा मुखोद्गत राखला. इंग्रजी 'फादर'मधले एक व्यंजन समजायला संहितेतला स्वर लागला. ('फादर'मधला आजचा 'द'सारखा आवाज 15 व्या–16 व्या शतकांतल्या आणखी एका बदलाने आला.) 'इंग्रजी आमच्यापासून निघाली' या विधानापेक्षा ही हकीकत कितीतरी मोठी आहे, आणि ती खरी आहे. ती छापावी.

इंग्रजी स्पेलिंगला वेडेवाकडे म्हणायची पद्धत आहे, पण त्या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचेही दोन वर्ग आहेत. एक वर्ग खरा साक्षीदार. 'नी' म्हणजे गुडघा, याच्या आरंभी लिहिला जाणारा 'के' पूर्वी उच्चारत असत. तो 'जानु'मधल्या 'ज'चा भाऊ. 'नो' म्हणजे जाणणे, यातला 'के' 'ज्ञा'मधल्या 'ज'चा. 17 व्या शतकाच्या सुमारास इंग्लंडात हा 'के' बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. 'नाइट' म्हणजे रात्र, यातली 'जीएच' ही जोडी पूर्वी 'ख'सारखी घशातून निघे. जर्मनमध्ये अजून 'नाख्ट' आहे, स्कॉटलंडच्या बोलीत 'निख्ट'. तीच 'नक्त'मधल्या 'क'ची खूण. 'एट' म्हणजे आठ, यातही तेच.

दुसरा वर्ग पंडितांनी घुसवलेला. 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून 'देत' असाच आला होता. पुढे लॅटिन 'देबितुम'शी नाते दाखवायला मध्ये 'बी' कोंबला, जो कोणीही कधी उच्चारला नाही. नाते निदान खरे होते. 'आयलंड'मधला 'एस' मात्र निव्वळ चूक. हा जुना इंग्रजी 'ईगलंड', पाण्यातली जमीन. लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या फ्रेंच 'ईल'शी त्याचा काही संबंध नाही, पण लोकांनी तो जोडला आणि एक 'एस' कायमचा चिकटला. खोटी व्युत्पत्ती निरुपद्रवी नसते. ती कधी कधी पाचशे वर्षे मुलांना चुकीचे स्पेलिंग घोकायला लावते.

स्वरांचे म्हणाल तर 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. त्याआधी 'नेम' हा शब्द जवळजवळ 'नाम' असाच, शेवटी हलका अकार घेऊन उच्चारत. 'टाइम'ला 'टीम', 'हाउस'ला 'हूस'. स्कॉटलंडमध्ये घराला आजही 'हूस' म्हणतात. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा हे सरकणे चालूच होते. छापखान्याने लिहिणे हळूहळू गोठवले, बोलणे पुढे गेले. स्पेलिंग आणि उच्चार यांच्या तुटीचे मुख्य कारण हे आहे.

त्या कॅक्स्टनने 1490 मध्ये एका प्रस्तावनेत लिहून ठेवलेला प्रसंग बोलींच्या चर्चेत नेहमी आठवावा. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी अडकले आणि किनाऱ्यावरच्या एका घरी खायला मागू लागले. एकाने 'एग्ज' मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. दुसऱ्याने 'आयरेन' मागितली तेव्हा तिला कळले. दोघांचे शब्द अंड्यालाच. 'एग' उत्तरेतला, डॅनिश-नॉर्वेजियन आक्रमकांनी आणलेला. 'आय', अनेकवचनी 'आयरेन', दक्षिणेतला मूळचा. आज जगभर चालतो तो पाहुणा.

आता मराठीने इंग्रजीला खरोखर काय दिले? थोडेच, पण पक्के. 'मंगूस' हा आपला मुंगूस. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो येतो. मुंगसाची भावंडे कन्नड-तेलुगूतही आहेत, त्यामुळे मराठीच्याही मागे वाट जाते. पण इंग्रजीला तो पश्चिम किनाऱ्यावर भेटला. इंग्रज कानाला शेवटचे अक्षर आपल्या 'गूस'सारखे वाटले आणि स्पेलिंग तसे झाले. अनेकवचन मात्र 'मंगूसेस'. 'गीस' लावणे चूक, कारण त्या शेपटीत हंस नाही. 'डंगरी' हे जाड्याभरड्या कापडाचे नाव मुंबईतल्या डोंगरी भागावरून 17 व्या शतकात इंग्रजीत गेले आणि पुढे त्या कापडाच्या विजारींना लागले.

'टँक'च्या बाबतीत दोन दावेदार आहेत. एक गुजराती-मराठी 'टाके', किल्ल्यांवर खडकात खोदलेली असतात ती, आणि दुसरा पोर्तुगीज 'तांके', म्हणजे अडवलेले पाणी. इंग्रजीतला आरंभीचा वापर हिंदुस्थानातल्या तलाव-टाक्यांबद्दलच आहे. दोन सारखे शब्द एकाच बंदरात भेटून एकमेकांत मिसळले असणे अगदी शक्य आहे, म्हणून 'मराठीतून आला' असे ठाम लिहू नये. रणगाड्याला हे नाव 1915 च्या अखेरीस गुप्तता राखण्यासाठी दिले. कारखान्यात बनते आहे ती पाण्याची टाकी, असे भासवायचे होते.

'बॉम्बे'ची 'चांगली खाडी' व्याकरणानेच बुडते. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी आहे, तिचे विशेषण 'बोआ' होईल, 'बों' नाही. पोर्तुगीज स्वतः लिहीत ते 'बोंबाईं', ज्यात खाडीचा पत्ताच नाही. ते मुंबादेवीच्या नावावरून आलेल्या 'मुंबई'चे त्यांच्या तोंडी बसलेले रूप. उलट दिशेची चूकही होते. 'बटाटा' इंग्रजी 'पोटॅटो'चा अपभ्रंश नाही. तो, तसेच पाव, चावी, लिलाव, घमेले हे सगळे पोर्तुगीजांकडून, इंग्रजांच्या आधी आलेले. 'हापूस' हा 'अल्फान्सो'वरून नाही, तर पोर्तुगीज 'अफोंसु'वरून.

'ऑरेंज'बद्दलही दुरुस्ती हवी. शब्द 'नारंग'चा वंशज आहे हे खरे, पण 'अ नॉरेंज'चे इंग्रजांनी 'ॲन ऑरेंज' केले हे नाही. 'न' वाटेत इटली-फ्रान्समध्येच गळाला, इंग्लंडात फळाचे नाव 'न'विनाच पोचले. 'अ'-'ॲन'च्या सांध्यावर 'न' चोरीला गेल्याचे खरे उदाहरण क्रिकेटच्या मैदानावर उभे असते. 'अंपायर' मूळचा 'नूंपेर', फ्रेंच 'नोंपेर', म्हणजे जोडीतला नसलेला, तिसरा माणूस. 'अ नूंपेर' ऐकताना 'ॲन ऊंपेर' झाले. 'एप्रन'चाही 'न' असाच गेला, आणि 'निकनेम'ला तो असाच फुकट मिळाला.

उच्चारांबाबत आपल्याकडे एक श्रद्धा आहे: लंडनचा उच्चार अस्सल, अमेरिकेचा बिघडलेला. पुरावा दुसरेच सांगतो. 'कार', 'हार्ड' यांतला 'र' शेक्सपियरच्या काळी इंग्लंडात उच्चारला जात होता. लंडनकडे तो 18 व्या शतकात मऊ होत गेला. जॉन वॉकरने 1791 च्या उच्चारकोशात नोंदवले आहे की लंडनमध्ये 'बार्ड' जवळजवळ 'बाड' ऐकू येतो. म्हणजे अमेरिकेचा 'र' जुना, लंडनचा 'र'लोप नवा. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग यांनीही 'र' ठेवला. 'बाथ', 'ग्रास' यांतला लांब 'आ' दक्षिण इंग्लंडातला तसाच अलीकडचा. उत्तर इंग्लंडात आणि अमेरिकेत तो अजून आखूड स्वर आहे. शरद ऋतूला 'फॉल' म्हणणे इंग्लंडातूनच अमेरिकेत गेले. 'सॉकर'ही इंग्लंडच्या विद्यार्थ्यांनी 'असोसिएशन'वरून पाडलेला शब्द. अर्थात अमेरिकेनेही पुष्कळ बदलले आहे. 'वॉटर'मधला 'ट' तिथे 'ड'कडे झुकतो, हे नवे. संपूर्ण जुने कोणीच जपलेले नाही.

ज्याला 'शुद्ध ब्रिटिश' म्हणतात तो निवासी शाळांत घडलेल्या एका छोट्या वर्गाचा उच्चार. डॅनियल जोन्स यांनी 1917 च्या कोशात त्याला 'पब्लिक स्कूल' उच्चार म्हटले आणि 1926 पासून 'रिसीव्ह्ड' म्हणजे मान्य उच्चार. बीबीसीमुळे तो जगभर गेला. खेड्यांत काय बोलतात हे पाहायला लीड्स विद्यापीठाच्या हॅरोल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने 1950 ते 1961 या काळात इंग्लंडात 313 ठिकाणी पाहणी झाली. तेराशेच्या वर प्रश्न, आणि विचारायची शिस्त अशी की शब्द आपण उच्चारायचा नाही. 'गाई जिथे बांधता त्याला काय म्हणता?' असे विचारायचे. शब्द आपण दिला की समोरचा तोच परत देतो आणि पाहणी वाया जाते. एका गोठ्याला उत्तरेत 'बायर', लँकेशायरकडे 'शिपन', पश्चिम यॉर्कशायरमध्ये 'मिस्टल' मिळाले. मराठी बोलींची नोंद घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही ही शिस्त उचलावी.

मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चाराला दोष देतानाही नेमके बोलावे. इंग्रजीतला 'ट' ना आपला 'त' आहे ना आपला 'ट'. जीभ वरच्या हिरडीला लागते, दोहोंच्या मधोमध. आपल्या कानाने तो 'ट'त घातला, म्हणून 'टेबल', 'डॉक्टर'. खरी अडचण वेगळी आहे. शब्दाच्या आरंभी, आघात असताना इंग्रज 'प', 'ट', 'क' थोडी हवा सोडून, 'फ्ह-ठ-ख'च्या दिशेने उच्चारतात. आपण ते कोरडे उच्चारतो, म्हणून आपला 'पिन' त्यांना 'बिन' ऐकू येतो. मराठीत महाप्राण आणि अल्पप्राण वेगळे मोजले जातात, म्हणून आपण ते मिसळत नाही. यात आळस नाही.

आता पुरवणीच्या टेबलावर करता येण्यासारखे काम. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची पहिली पुस्तिका 1884 मध्ये निघाली आणि काम 1928 मध्ये पुरे झाले. जेम्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो स्वयंसेवक वाचकांकडून तारीखवार वाक्यांच्या चिठ्ठ्या मागवल्या. त्या कोशात शब्दाखालचे पहिले वाक्य आणि त्याचे साल आधी पाहावे, मग कंसातली व्युत्पत्ती. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आणि जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर कोश इंटरनेटवर फुकट आहेत. मोल्सवर्थचा मराठी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. एखादा शब्द त्याच्या 1857 च्या आवृत्तीत असेल तर तो अलीकडे इंग्रजी शाळांतून आला हे म्हणणे टिकत नाही.

नोंद वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. 'संस्कृत अमुकशी सजातीय' असे लिहिलेले असते, त्याचे भाषांतर 'संस्कृत अमुकपासून' असे होते. चौकटींतल्या निम्म्याहून अधिक गोंधळाचे मूळ आम्हाला इथेच दिसते. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठे लिहिलेले मिळालेले नाही, तर्काने उभे केलेले आहे. ते 'मूळ शब्द' म्हणून छापताना तारका गाळू नये. आणि 'बहुधा', 'कदाचित' हे शब्द जागा वाचवायला कापू नयेत.

गुगलच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत शोधताना आणखी दोन सापळे आहेत. नियतकालिकाच्या सगळ्या अंकांवर कधी कधी पहिल्या अंकाचेच साल पडते, त्यामुळे 1890 चा शब्द 1840 मध्ये दिसतो. आणि साधारण 1800 पूर्वीच्या छपाईत लांब 'एस' वापरत, तो यंत्र 'एफ' म्हणून वाचते. म्हणून पानाचे चित्र उघडून शीर्षकपानावरचे साल डोळ्यांनी पाहावे, मगच ते छापावे.

या पत्रातल्या 'न्यूज', 'गोल्फ', 'टिप', 'पॉश', 'बॉम्बे', 'दिवस–डे' आणि 'पितृ–फादर' या नोंदी दुरुस्ती म्हणून मुलांच्या पानावर घ्याव्यात, ही विनंती. चूक जिथे छापली गेली तिथेच दुरुस्ती आली तर ती मुलांपर्यंत पोचेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भाषाविज्ञानाचे काही अभ्यासक, पुणे